आपोआप उत्तर

शोधायच्या चौकोनात आधी ‘राम राम’ लिहायचं नसतं, हे मी तांड्यावरच्या बायांना किती वेळा सांगितलं असेल! ऐकून घेतात, माना डोलावतात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कुणाला काही विचारायचं तर आधी राम राम घालायचा, ही त्यांची रीत. समोर माणूस आहे की मशीन, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मी सरला. औंढ्यात नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत, बेलफुलाच्या दुकानावरच्या खोलीत माझा संगणकाचा वर्ग आहे. आधी पोरं यायची. आता पोरांना शिकवायची सोयच राहिली नाही, ती पोटातूनच फोन शिकून येतात आणि वर मलाच अक्कल शिकवतात. म्हणून मी त्यांच्या आयांना शिकवायला घेतलं. डोंगरापलीकडच्या तांड्यावरच्या बचत गटाच्या बाया बाजाराच्या दिवशी येतात, भाजीच्या पिशव्या दाराशी ठेवतात आणि आपापले फोन काढून बसतात. नेट कसं उघडायचं, शोधायचं कसं, ई-मेल कसा पाठवायचा, एवढंच शिकवायचं. आमचे बंडोपंत म्हणतात, "सरला, एवढं ओरडतेस तर देवळातला भोंगा काढून तुलाच बसवावं." बंडोपंत माझे यजमान. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काम नाही.

त्या बायांत जिवनबाई होती. पन्नाशीची, काटक, हातभर गोंदलेली, वर्गात सगळ्यांच्या पुढे बसणारी. तिला अक्षर अक्षर लावून वाचता यायचं, पण चिकाटी अशी की एकेका शब्दासाठी घाम गाळायची. शोधायचा धडा आला तेव्हा मी म्हटलं, ज्याला जे पाहिजे ते शोधा. कुणी हळदीचा भाव शोधला, कुणी साडीची नक्षी. जिवनबाईचं बोट बराच वेळ चालू होतं. मी मागून वाकून पाहिलं.

"राम राम. माजं लेकरू संतोष मोहनसिंग राठोड कुटं हाय."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

संतोष माझाच विद्यार्थी. बारावी झाल्यावर वर्षभर याच खोलीत शिकला. गालात हसायचा, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायचा नाही. पुढे लग्न झालं, आणि बोअरवेलच्या गाडीवर कामाला लागून कर्नाटकाकडे गेला. वर्षातून दोनदा यायचा. तीन वर्षांपूर्वी दिवाळी करून गेला तो गेलाच. फोन बंद. त्याचा बाप मोहनसिंग गाडीमालकाला शोधत गेला, तर तो म्हणाला, पोरगं मधेच एका गावी उतरलं, घरी जातो म्हणालं. पोलिसात तक्रार झाली. काही महिन्यांनी तिकडच्या एका कालव्यात सापडलेल्या बेवारस प्रेताचा फोटो दाखवायला मोहनसिंगला बोलावलं. चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोहनसिंग म्हणाला, हाच. जिवनबाई म्हणाली, हा नव्हं. तेव्हापासून त्या घरात एकाच्या लेखी पोरगा मेलेला आणि एकीच्या लेखी जिवंत, आणि दोघांच्या मध्ये त्याची बायको निलम, ना धड सवाष्ण ना धड विधवा.

स्क्रीनवर संतोष राठोड येत गेले. एक वकील, एक ट्रॅक्टर विकणारा, एक कुठल्याशा निवडणुकीत उभा राहिलेला, एक बॅट घेऊन हसणारा. जिवनबाईने प्रत्येकाचं तोंड मोठं करून पाहिलं. "ह्यो न्हाई. ह्योबी न्हाई." बाजाराची वेळ टळून चालली तरी कुणी उठेना.

शेवटी ती माझ्याकडे वळली. "बाई, येवढे संतोष हायेत ह्यात. मंग माजाच काहून न्हाई?"

मी म्हटलं, पुढच्या खेपेला ई-मेल शिकू. वेळ मारून न्यायला म्हटलं, दुसरं काय.

पुढच्या बाजारी मी प्रत्येकीचं खातं उघडून दिलं आणि सांगितलं, आपल्या माणसाला दोन ओळी लिहा. जिवनबाई म्हणाली, "म्या लेकराला लिवते. तेचा पत्ता सांगा." पत्ता मला पाठ होता. त्या काळात मी सगळ्या पोरांची खाती एकाच साच्यात काढायची: नाव, आडनाव, मग औंढा. द्यावा की नाही, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, जाईल पत्र आणि पडून राहील. देवळाच्या पेटीत चिठ्ठी टाकतात बाया, तसंच. तेवढंच तिच्या जिवाला बरं.

तिने लिहिलं, "संतोष, आमी बरे हाव. तू कसा हायेस." आणि पाठवायचा बाण दाबला.

मी चहाचा कप उचललाही नव्हता, तोच तिचा फोन वाजला. वर नाव होतं संतोष राठोड. खाली दोन ओळी.

"मी सध्या बाहेरगावी आहे. परत आल्यावर उत्तर देईन."

नागनाथाच्या गल्लीत जन्म काढलाय मी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर दारात उभं केलं नाही, पण त्या क्षणी मानेवरचे केस उभे राहिले हे खरं. बायांनी एकच गलका केला. जिवनबाईने मात्र फोन छातीशी धरला होता आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते वाक्य माझं होतं. अगदी काना-मात्रेसकट माझं. ई-मेलच्या धड्यात शेवटी मी ‘आपोआप उत्तर’ शिकवायची. आपण गावाला गेलो की खात्याला एक वाक्य सांगून ठेवायचं, म्हणजे जो कुणी लिहील त्याला खातं आपणहून तेवढं उत्तर पाठवतं. हेच वाक्य मी फळ्यावर लिहून द्यायची, पोरं उतरवून घ्यायची, आणि धडा झाला की ते बंद करायला सांगायची. संतोषने बंद केलं नव्हतं, किंवा पुढे कधी परगावी जाताना पुन्हा चालू केलं होतं. मालक असो नसो, गिरणी सुरूच होती.

बाया गेल्यावर मी जिवनबाईला थांबवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही. हा माझा गुण नाही, खोडच आहे. त्या खोडीपायी मी अर्ध्या औंढ्याशी वाकडं घेतलंय.

"जिवनबाई, हे मशीन बोलतंय. तो नाही."

"मशीनला कुनी शिकिवलं?"

"त्यानेच. पण केव्हा, तर कितीतरी वर्षांपूर्वी."

"मंग त्योच बोलला की."

"अहो, वाक्यसुद्धा त्याचं नाही. माझं आहे. मी शिकवलं म्हणून त्याने लिहिलं."

"म्याबी तुमी शिकिवलं म्हनूनच लिवलं," ती म्हणाली. "पर ते माजंच हाय ना?"

मी खोलीला कुलूप लावलं.

त्यानंतर जिवनबाई रोज लिहू लागली. शेतातून, पाणवठ्यावरून, जिथे रेंज मिळेल तिथून. हळदीला पाणी दिलं, शेळी व्याली, बाची कंबर धरली, असं सगळं. आणि आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, हे आपोआप उत्तर एका माणसाला रोज जात नाही. एकदा गेलं की चार दिवस तेच माणूस कितीही लिहो, खातं गप्प असतं. जिवनबाईला त्यातही पोरगा दिसला. "ल्हानपनीबी असाच व्हता," ती बायांना सांगायची. "लई मागं लागलं की रुसायचा. आपन गप बसलो की आपनहून यून बोलायचा." मग ती मुद्दाम थांबायला शिकली. चार दिवस दम धरायची, पाचव्या दिवशी लिहायची, आणि तो बोलायचा. बाहेरगावी आहे. परत आल्यावर उत्तर देईन.

मला त्या वाक्याने पछाडलं. एका दुपारी भांडी आवरून झाल्यावर मी माझ्या फोनवरून त्याच पत्त्यावर एक कोरं पत्र पाठवलं. उत्तर आलं. माझंच वाक्य, वर त्याचं नाव. पंखा घरघरत होता आणि मला त्या घरघरीतही तेच ऐकू यायला लागलं. या खोलीतून किती पोरं शिकून गेली! कोण पुण्याला, कोण सुरतेला, एक कुरुंद्याचा पोरगा गाडीखाली गेला. त्या सगळ्यांना मी हेच वाक्य दिलं. आज एकेकाला लिहिलं तर किती ठिकाणांहून माझाच आवाज परत येईल, या विचाराने मी फोन पालथा घालून ठेवला.

बंडोपंतांना सांगितलं तर म्हणाले, "भूत तुझं आहे, सरला. तूच सोडलंस, आता तूच धर." त्यांना वाटलं मी हसेन. मला रडू आलं, आणि ते बिचारे गोंधळून चहा टाकायला गेले.

दिवाळी जवळ आली तशी निलम माझ्याकडे आली. चोविशीची पोर, अंगकाठी नाजूक, बोलणं मात्र रोखठोक. तिच्यासाठी शिरड शहापूरकडच्या एका तांड्यातून स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, पण चांगला. मोहनसिंग तयार होता. त्यांच्यात नवरा वारला तर बाई दुसरं घर करते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण नवरा वारला पाहिजे ना?

"सासू फोन दाखवते अन् म्हनते, ह्यो बग, बोलतोय," निलम म्हणाली. "बाई, तीन वर्सं झाली. मला त्यो जित्ता असंल तर येऊ द्या, मेला असंल तर जाऊ द्या. असं मधी किती दिवस टांगून ठेवनार हायत मला?"

मग तिने धबुकाराचं सांगितलं. दिवाळीत सकाळी तांड्यावर घरोघर चुलीतले निखारे पुढे ओढतात, त्यावर तुपातल्या लापशीचा घास सोडतात आणि घरातल्या मेलेल्यांची एकेकाची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलावतात. ज्याचं नाव निखाऱ्यावर घेतलं तो वाडवडलांत गेला. ते नाव माघारी घेता येत नाही. दोन वर्षं मोहनसिंगने संतोषचं नाव घ्यायचं म्हटलं आणि दोन्ही वर्षं जिवनबाईने त्याचा हात धरला. यंदा तांड्याचा नायक देविदास स्वतः घरी येणार होता आणि निकाल लावणार होता. जिवनबाई म्हणाली होती, "बाईला इचारा. बाई खोटं बोलत न्हाई."

म्हणजे माझ्या त्या खोडीने मला अखेर इथे आणून उभं केलं होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बंडोपंत रिक्षाने तांड्यावर गेलो. दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी झाली होती आणि पानांवर दव होतं. मोहनसिंगच्या घरात पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसली होती. चुलीपुढे निखारे पसरलेले, तुपाचा वास. देविदास नायकाने मला बाज दिली, पाणी दिलं, आणि मग जिवनबाईचा फोन माझ्या हातात ठेवला.

"बाई, आमी अडानी मानसं. हे कोन लिवतंय, तेवडं सांगा. पोरगं लिवतंय का न्हाई?"

जिवनबाई माझ्याकडे पाहत होती. निलम दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तीही माझ्याकडेच पाहत होती. मी ज्या बाजूने बोलेन तिच्या विरुद्ध बाजूची बाई मेली, असं ते होतं. वाटलं, सांगावं की मला कळत नाही. पण मला कळत होतं.

"हे यंत्र लिहितं," मी म्हटलं. "संतोषने फार पूर्वी तसं लावून ठेवलं होतं. या उत्तरामागे आज कुणीही माणूस नाही."

"पक्कं?"

"पक्कं. ते वाक्य मीच शिकवलेलं आहे."

मोहनसिंगने लापशीचा घास उचलला. त्याने आपल्या बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, मग थांबला आणि बायकोकडे पाहिलं. या वेळी तिने त्याचा हात धरला नाही. ती पुढे सरकली, स्वतः एक घास घेतला, आणि दोघांनी मिळून तो निखाऱ्यावर सोडला. संतोषचं नाव तिनेच घेतलं. तूप चरचरलं, धूर झाला, आणि दाराशी निलम मटकन खाली बसली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना बंडोपंत म्हणाले, "बरं झालं, सुटली पोर." मीही म्हटलं, बरं झालं. माझ्या मनाला खरंच तसं वाटत होतं. खरं सांगितल्यावर झोप चांगली लागते, असा माझा आजवरचा अनुभव. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही.

पुढच्या बाजारी वर्गाला सुट्टी दिली होती, तरी जिवनबाई भरदुपारी जिना चढून आली. पिशवी नव्हती, एकटीच होती. चेहरा उतरलेला.

"बाई, त्यो अजून बोलून राहिला."

"कोण?"

"संतोष. म्या नाव घेतल्यालं कळवावं म्हनून लिवलं. लेकरा, तुजा घास टाकला, आता सुकानं ऱ्हा. तर फोन वाजला. परत येतो म्हनतंय." तिने माझा हात घट्ट धरला. "जेवू घातल्यालं मानूस परत येतो म्हनत न्हाई, बाई. मंग त्येचा जीव आडकून ऱ्हातो. तेला गप करा."

इतके दिवस जे ऐकायला ती जीव टाकत होती, त्याचीच तिला आता भीती वाटत होती. तिची भीती मला शिवली. मी म्हटलं, त्याच्या खात्यात शिरल्याशिवाय ते बंद होणार नाही आणि त्याला पासवर्ड लागतो.

"निलमनं सांगितलाय," ती म्हणाली. त्याने पूर्वी बायकोचंच नाव आणि लग्नाचं साल ठेवलं होतं, तिला हसत हसत दाखवलं होतं. बदलला नसेल तर तोच.

मी संगणक लावला. जिवनबाईला शेजारी बसवलं. पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. चूक दाखवेल अशी माझी खात्री होती. चूक दाखवली नाही. स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला आणि खाली मराठीत ओळ आली.

"हे खाते ज्या फोनवर उघडे आहे, त्या फोनवर आम्ही सूचना पाठवली आहे. हे तुम्हीच असाल तर तिथे ‘होय’ दाबा."

मी ती ओळ दोनदा वाचली.

"काय म्हनतंय?" जिवनबाईने विचारलं.

खातं कुठल्यातरी फोनवर उघडं होतं. तो फोन चालू होता, चार्ज केलेला होता, आत्ता या घटकेला कुठेतरी वाजत होता. कालव्यात तीन वर्षं पडलेला फोन वाजत नाही.

"बाई, काय म्हनतंय?"

"म्हणतंय," मी कसंबसं म्हटलं, "त्याच्या फोनवर विचारलंय. तू आहेस का म्हणून."

गोल फिरत राहिला. खाली दुकानात कुणीतरी बेलाची पानं मोजून मागत होतं. जिवनबाई पुढे वाकली, इतकी की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. मग गोल थांबला. नवी ओळ आली. तिने ती स्वतःच वाचली, माझ्याआधी, अक्षर अक्षर लावून.

"वि-नं-ती ना-का-र-ली."

"कुनी?" जिवनबाईने विचारलं. मग तिलाच कळलं. "कुनाच्या तरी हातात हाय. बाई, कुनीतरी दाबलं हे! माजं लेकरू जित्तं हाय!" ती हसली, तोंडावर पदर घेतला, पुन्हा हसली. मी तिला सावरत म्हटलं की फोन चोरीचा असेल, दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, घाई करू नका. मलाच माझं बोलणं पटत नव्हतं. परका माणूस तीन वर्षं दुसऱ्याचं खातं कशाला उघडं ठेवील? त्यात या बाईची शेळी व्याल्याची पत्रं येऊन पडतायत, ती कशाला राहू देईल?

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला.

वर संतोष राठोड. खाली एकच ओळ होती, आणि ती माझी नव्हती.

"याडी, मला शोधू नको."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. परक्याला तो शब्द सुचणार नाही. जिवनबाईने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, ओठ हलवत. मी पाहत होते. तिचं हसू एकदम गेलं नाही, ते चेहऱ्यावरच राहिलं आणि त्याच्या आतून सगळं काढून घेतल्यासारखं झालं. म्हणजे तो सगळी पत्रं वाचत होता. हळद, शेळी, बापाची कंबर, धबुकारसुद्धा. हे सगळे महिने तो माझ्या वाक्याच्या आड गप्प बसून होता. मी पंधरावीस माणसांपुढे छातीठोक सांगून आले होते की त्याच्यामागे कुणी नाही. मला स्वतःची शरम वाटली आणि त्या पोराचा असा संताप आला की तो समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या.

"म्या घास टाकला," जिवनबाई हळू आवाजात म्हणाली. "जित्त्याच्या नावाचा घास टाकला म्या इस्तवावर."

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मी आत्ता येते तांड्यावर. देविदास नायकांना सांगते, मोहनसिंगांना सांगते. मी जे बोलले ते चुकीचं होतं म्हणून सांगते."

तिने नाही म्हणून मान हलवली. खालून देवळाच्या घंटा ऐकू येत होत्या, दुपारच्या आरतीला गर्दी होती.

"निलमचं काय?" ती म्हणाली. "पंधरा दिसांनी तिचं लगीन हाय. तुमी सांगितलं की ते मोडलं. ती पुन्यांदा दारात बसली. तेची वाट बगत."

"पण तो जिवंत आहे, जिवनबाई."

"मला तेवढं तरी म्हनला, शोधू नको. तिला तर तेबी म्हनला न्हाई." तिचा आवाज फाटला. "न्हाई बाई. नाव घेतलंय. घेतल्यालं नाव माघारी येत न्हाई. तुमी कुनाला बोलायचं न्हाई. बंडोपंतालाबी न्हाई."

मी, जिने साऱ्या गावाशी खऱ्यासाठी भांडणं केली, मान हलवून हो म्हटलं. हे आता माझ्यापाशीच राहणार होतं. बाजाराच्या दिवशी मोहनसिंग रस्त्यात राम राम घालील आणि मी त्याच्या डोळ्याला डोळा न देता पुढे जाईन, हे मला तिथेच दिसलं.

जिवनबाईने डोळे पुसले. फोन दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केला.

"हे पुसायचं कसं, ते न्हाई शिकिवलं तुमी."

मी शिकवलं. त्या ओळीवर बोट दाबून धरायचं, वरची कचरापेटी दाबायची. तिने तसं केलं. ओळ गेली. मी सांगून टाकलं की ती पूर्ण जात नाही, महिनाभर कचरापेटीत पडून राहते, कुणीही काढून पाहू शकतं.

"मंग थितनंबी काडू."

तिने स्वतः शोधून कचरापेटी उघडली. ती ओळ तिथे होती, त्याचं नाव वर, आजची वेळ बाजूला. तिने पुन्हा एकदा वाचली. त्या चार शब्दांवरून अंगठा फिरवला, लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा. मग पुसायचं बटण दाबलं. फोनने विचारलं, हे कायमचं हटवायचं का? तिने अक्षर अक्षर लावून तेही वाचलं, आणि मला न विचारता ‘होय’वर बोट ठेवलं.